क्रियेला नाव कोणी द्यायचं?

एचटीटीपीच्या विनंतीत पहिला शब्द क्रियेचा असतो. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत असा एकच शब्द होता, गेट. पुढे पोस्ट, पुट, डिलीट आले. १९९९ मध्ये वेबडॅवने प्रॉपफाइंड, मूव्ह, लॉक आणले, २०१० मध्ये पॅचचं स्वतंत्र मानक निघालं. व्हार्निश वापरणारे कॅशेतला जुना साठा काढायला पर्ज पाठवतात. तो शब्द अधिकृत नोंदवहीत नाही, तरी रोज चालतो.

मी पुण्यात एक क्लायंट लायब्ररी सांभाळते. तिच्यात क्रियांची ठरावीक यादी ठेवावी की कोणतंही नाव चालू द्यावं, यावर सहकाऱ्याशी माझा वाद चालतो. "अगं, यादी असली की टायपो कंपाइल होतानाच सापडतो," असं तो म्हणतो. खरं आहे ते. पण मला त्यात सोयीपेक्षा अधिकाराचा प्रश्न दिसतो.

शब्द आणि अर्थ यांचं नातं मीमांसक नित्य मानतात, नैयायिक ते संकेताने ठरतं म्हणतात. एचटीटीपी उघडच नैयायिकांच्या बाजूचं आहे: पाठवणारा आणि घेणारा यांच्यात संकेत झाला की नाव अर्थवान होतं. महाभाष्यात पतंजली सांगतात की घडा हवा असणारा कुंभाराकडे जातो, पण शब्द घडवून घ्यायला कोणी वैयाकरणाच्या घरी जात नाही. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी तरी आपल्याला वैयाकरणाहून मोठं का समजावं?

नकार देण्याची जागा मानकानेच ठरवली आहे. क्रिया ओळखीची नसेल तर सर्व्हर ५०१ म्हणतो, ओळखीची असून त्या ठिकाणी चालत नसेल तर ४०५. जावाचा जुना एचटीटीपीयूआरएलकनेक्शन मात्र पॅच दारातच अडवतो. मग लोक वर पोस्ट लिहितात आणि खरी क्रिया हेडरमध्ये सरकवतात. मी याला असत्य म्हणते, कारण वाटेतला प्रॉक्सी आणि मागे उरणारा लॉग दोघेही वरचाच शब्द खरा मानतात.

ब्राउझरचा फेच कनेक्ट, ट्रेस आणि ट्रॅक नाकारतो, ते मला पटतं. तिथे कोड कोणाही अनोळखी पानाचा असतो.

आता जबाबदारीचं. गेटमागे वचन आहे की त्याने काही बदलणार नाही. पुट आणि डिलीट पुन्हा पाठवले तरी अभिप्रेत परिणाम तोच. म्हणून जोडणी तुटली तर लायब्ररी ते आपणहून पुन्हा पाठवू शकते. अनोळखी क्रियेमागे असं वचन तिला ठाऊक नसतं, तिथे तिने थांबून वापरणाऱ्याला विचारलंच पाहिजे.

लायब्ररी लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: नावात स्पेस किंवा नवी ओळ असेल तर जरूर अडवा. अक्षरं लहानमोठी करू नका, कारण प्रोटोकॉल त्यांत फरक करतो. बाकी नाव जसं दिलं तसं पोचवा, आणि ते पुन्हा पाठवायचं का हे वापरणाऱ्याला ठरवू द्या.