आठ पाऊणे सहा

आमच्या धाराशिवकडे पाण्याला एकच रीत ठाऊक आहे: जायचे. येते ते नळाच्या, टँकरच्या किंवा मृगाच्या मर्जीने, आणि गेले की गेले. २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले, पण पाण्याने स्वभाव बदलला नाही. पाण्याची शोभाच पाहायची तर पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात जायचे, पाणीमहालावरून बोरी नदी कोसळताना बघायची आणि ते दृश्य पुढे वर्षभर पुरवून पुरवून आठवायचे. म्हणून मे महिन्यात रेवदंड्याला मुलीकडे गेलो असताना जावईबापू जेव्हा म्हणाले, "मामा, इथलं पाणी रोज दोनदा जातं आणि दोनदा परत येतं," तेव्हा मी नुसती मान डोलावली. जावयाचे बोलणे खोटे पाडू नये, असा आमच्याकडे रिवाज आहे.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, तिथली खाडी सकाळी काठोकाठ भरलेली होती आणि दुपारी नुसता चिखल. गेलेले पाणी परत येईल या भरवशावर माणसे निवांत जेवून झोपली होती! आमच्याकडे एवढे पाणी गेले असते तर तहसीलवर मोर्चा निघाला असता.

जावईबापूंनी नवा छंद लावून घेतला होता. कयाक नावाची लांबट, अरुंद, प्लॅस्टिकची होडी, तीत दोन माणसांनी पुढेमागे पाय पसरून बसायचे आणि खाडीत गळ टाकायचा. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. "मामा, तुम्हीही चला," म्हणाले. मी "हो" म्हणालो, कारण पुन्हा तोच रिवाज.

"तुम्हाला पोहता तरी येतं का?" सौभाग्यवतींनी विचारले. मी लहानपणी पाठीला पांगऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकलो आहे. जावयांनी अंगात घालायला दिलेले नारिंगी जाकीट म्हणजे तोच बिंडा, फक्त चेन लावलेला. ते काढायचे नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा म्हणजे होडी मुद्दाम उलटवून परत चढायला शिकणे, तेही कमरेएवढ्या पाण्यात. मी ती तीनदा मुद्दाम आणि सहादा आपोआप उलटवली. तिसरा धडा म्हणजे वल्हे दंडाने न मारता कमरेतून वळून मारायचे. सरकारी नोकरीत कंबर वाकवायची सवय होती, वळवायची नव्हती.

चौथा धडा मात्र मला आवडला. भरतीची वेळ काढायची रीत. तिथीची पाऊणपट केली की तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती! चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. पावकी, निमकी, पाऊणकी मास्तरांनी छडीच्या जोरावर आमच्याकडून घोकून घेतली होती. तिचा उपयोग पुढे पन्नास वर्षे झाला नाही, तो रेवदंड्याला झाला. त्यातही अष्टमीचे पाणी भांगाचे, म्हणजे पुनव-अवसेच्या उधाणासारखे दांडगे नव्हे, नवशिक्याला सोसणारे. तेव्हा अष्टमी ठरली. भरतीच्या शेवटच्या पाण्यावर खाडीत आत जायचे, पाणी थबकेल तेव्हा गळ टाकायचा आणि ओहोटीबरोबर परत यायचे. पण मुखाकडे जायचे नाही, कारण ओहोटी माणसाला समुद्रात ओढून नेते. तिथे समोरून वारा असला तर लाटाही उभ्या राहतात. घरी वेळ सांगून निघायचे, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवायचा, गळाची काठी दोरीने बांधायची. एवढी तयारी मी मुलीच्या लग्नातही केली नव्हती.

आदल्या रात्री जावयांनी गोष्ट सांगितली. ही होडी मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. हाडालाकडाचा सांगाडा आणि त्यावर सीलचे कातडे. ती हौसेसाठी नव्हती, भुकेसाठी होती. सील मारला की ते लोक त्याच्या तोंडात गोडे पाणी ओतत. खाऱ्या पाण्यात राहणारा जीव तहानलेला असणार, अशी त्यांची समजूत. मी हसलो. मारायचे आणि वर पाणी पाजायचे!

अष्टमीला फटफटायच्या सुमारास निघालो. तिवरांच्या कडेकडेने आत गेलो. जिवंत कोळंबी गळाला लावून जावयांनी काठी माझ्या हातात दिली. पाणी थबकले. मी अध्यात्माच्या काठावर पोचतो न पोचतो तोच काठी कमानीसारखी वाकली. पुढची दहापंधरा मिनिटे मासा होडी ओढत होता आणि जावईबापू, "मामा, सैल सोडा! आता ओढा!" असे, सासऱ्याशी कधीही बोलू नये त्या आवाजात ओरडत होते. शेवटी मासा होडीत आला. जिताडा! चांगला लांबलचक, रुपेरी, डोळा सोनेरी.

माझ्या तोंडाला पाणी सुटले. जावई म्हणाले, "फोटो काढू आणि सोडून देऊ. मी मासे खेळ म्हणून धरतो." शिवाय हा एवढा मोठा म्हणजे मादीच. जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. अशा एका मादीच्या पोटात लाखो अंडी. २०२३ साली सरकारने ५४ जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली, पण ती लहानांना वाचवायला. थोरलीला आपणच वाचवायचे.

"मग तिला गळ लावून ओठ फाडलात तो कशाला?" मी विचारले. "खाल्ली असती तर निदान कारण झालं असतं. नुसत्या गमतीसाठी दुखवायचं आणि वर सोडल्याचं पुण्य घ्यायचं?"

"म्हणजे मामा, मारणं बरं आणि सोडणं वाईट?"

"बाजारातून आणलेला मासा आपण खातोच की. तिथं पाप कोळ्याच्या नावावर लागतं. इथं आपल्याच."

तेवढ्यात शेजारून एक म्हातारे कोळीबाबा होडी घेऊन चालले होते. ते थांबले, ऐकले आणि म्हणाले, "खायचा नाय, तर धरला कशाला?" तिघांचाही मुद्दा रास्त होता. जावयांनी पुन्हा लाखो अंड्यांचा हिशेब मांडला, मी भुकेची बाजू लढवली, फोटोही राहिला होता. शेवटी मी नमते घेतले. जावयांनी जिताडा ओल्या हातांनी अलगद पाण्यात धरला, पुढेमागे हलवला, सोडला. तो आडवा झाला आणि पांढरे पोट वर करून तरंगू लागला. पुन्हा धरला, पुन्हा तेच. आमचा तत्त्वविचार पूर्ण होईतो मासा संपला होता.

कोळीबाबा काही न बोलता निघून गेले.

मी मासा मांडीवर घेतला, पाण्याची बाटली उघडली आणि त्याच्या तोंडात चार घोट ओतले. जिताडा नदीतही राहतो, त्याला गोड्या पाण्याची कसली तहान, असे जावईबापू म्हणाले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा. घरी मुलीने मासा चिरला, गाभोळी निघाली, सगळे आनंदले. माझ्या घशाखाली घास उतरला नाही असे लिहिले तर शोभून दिसेल, पण उतरला. मात्र पहिला घास फार वेळ तोंडात फिरत राहिला.

आम्ही भरती मोजली, वारा मोजला, दोऱ्या बांधल्या, उलटलो तर काय याचा नऊदा सराव केला. मासा लागला तर काय, एवढेच ठरवले नव्हते. चूक मारण्यात किंवा सोडण्यात नव्हती. ज्या प्रश्नाचे उत्तर काठावर द्यायचे, ते आम्ही तडफडणाऱ्या जिवाला मध्ये ठेवून शोधत होतो. २०१६ साली आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर आला की घरटी किती घागरी हे आधीच ठरलेले असे. नळी हातात आल्यावर न्यायअन्यायाची चर्चा काढली असती, तर पाणी रस्त्यावर वाहून गेले असते.

परत निघण्याआधी एकदा पुन्हा गेलो. काठावरच मी विचारले, "जावईबापू, खायचा की सोडायचा?" त्यांनी विचार करून सांगितले, "मामा, एकच, मध्यम, जेवणापुरता. मोठी लागली तर पाण्यातच गळ काढायचा, फोटोसुद्धा नाही."

त्या दिवशी दोन तास बसलो, एकही मासा लागला नाही. इतके नीतीने मी आयुष्यात कधी वागलो नव्हतो.