थैलीतील खोटी नोट

अर्पणाचे पैसे मोजावयास नेहमी दोघांनी बसावे, असा आमच्या मंडळीत जुना नियम आहे. गेल्या उपकारस्तुतीच्या सणाला आम्ही दोघे असेच मंदिराच्या मागच्या खोलीत बसलो होतो. दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा सरळ करता करता चार घड्या घातलेली एक पाचशेची नोट हाती आली. ती बोटाला गुळगुळीत लागली, आणि मोजणी तेथेच थांबली.

नोट पारखण्यास यंत्रच लागते असे नाही. पहिली परीक्षा बोटांची. खऱ्या नोटेचा कागद कापसाचा असतो, त्याला एक कणखरपणा असतो. २०१६ पासून चलनात आलेल्या पाचशेच्या नोटेवर महात्मा गांधींचे चित्र, उजवीकडचा अशोकस्तंभ आणि दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरप्या रेघा उठावाच्या छपाईच्या आहेत. अंगठा फिरवला की त्या कळतात. ही सोय अंध बंधुभगिनींसाठी केलेली आहे, पण डोळसांनी ती शिकून घेण्यास हरकत नाही. दुसरी परीक्षा नोट कलती करण्याची. मधला सुरक्षा धागा हिरवा दिसतो, नोट कलती केली की निळा होतो. तिसरी परीक्षा उजेडाची. नोट दिव्यासमोर धरली की कोऱ्या जागेत गांधींची छबी आणि ५०० हा आकडा दिसतो. हे जलचिन्ह कागदाच्या आतच असते, वर छापलेले नसते.

आमच्या नोटेचा धागा चिकटवलेल्या चमकीसारखा होता. कितीही कलता केला तरी तो हिरवाचा हिरवाच. छबीही होती, पण ती पांढुरक्या शाईने वर उमटवलेली, उजेडावाचूनही दिसणारी.

पूर्वी हे काम कानाचे असे. रुपया दगडावर वाजवीत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. गावकीत पोतदार असे, तो बहुधा सोनार, आणि नाणे पारखून देणे हे त्याचे काम. हैदराबादेत हाली सिक्का, बडोद्यात बाबाशाही रुपया आणि शेजारी इंग्रजी कलदार चालत होता, त्या काळी अशा पारख्यांना पुष्कळ काम असले पाहिजे. कागद मात्र वाजवून पाहता येत नाही.

येथे एक सांगून ठेवतो. खऱ्याला खोटे म्हणणेही खोट्या साक्षीतच मोडते. दहा रुपयांची नाणी कित्येक गावांत दुकानदार घेईनात, तेव्हा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावे लागले की चौदाही नमुन्यांची नाणी खरी आहेत. क्रमांकात चांदणी असलेल्या नोटांविषयी २०२३ मध्ये असाच खुलासा करावा लागला. आणि आम्ही पाहिले आहे, दुकानदार मोलकरणीची नोट उजेडाला धरून पाहतो, साहेबांची न पाहताच गल्ल्यात टाकतो.

असो. नोट खोटी ठरली. आता तिचे करावयाचे काय? कमिटीत एकाने सुचविले, ‘पेट्रोल पंपावर गर्दीत चालून जाईल.’ दुसरे म्हणाले, ‘आपण थोडीच छापली? आपण तर फसलेले. मंडळीने का नुकसान सोसावे?’ हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही. फसलेला माणूस निरपराध असतो, आणि निरपराधाने भुर्दंड भरावा हे कोणालाच रुचत नाही.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने याच माणसाचा विचार केला होता. खोट्या नाण्यांविषयीच्या २४१ व्या कलमाखाली एक उदाहरण होते. ‘अ’ खोटे रुपये पाडतो आणि साथीदार ‘ब’ ला देतो. ‘ब’ ते ‘क’ ला विकतो, आणि ‘क’ जाणूनबुजून घेतो. ‘क’ त्या रुपयांनी ‘ड’ कडून माल घेतो. ‘ड’ ला काहीच ठाऊक नसते. पुढे ‘ड’ ला कळते, आणि तोही ते रुपये खरे म्हणून पुढे चालवतो. ‘ब’ आणि ‘क’ यांच्या मानाने ‘ड’ ला शिक्षा सौम्य होती: जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, किंवा नाण्याच्या किमतीच्या दहापट दंड, किंवा दोन्ही. सौम्य खरी, पण शिक्षाच. नोटांच्या कलमात एवढीही सवलत नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १७९ व्या कलमात नाणे आणि नोट एकत्रच घेतली आहेत. खोटी हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून चालविली, तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

‘तसे मानण्यास कारण असून’ हे शब्द आम्हांला फार बोचले. कारण आपण पुष्कळदा नोट मुद्दामच नीट पाहत नाही. हाताला शंका येते, तरी डोळा तिकडे वळवीत नाही, म्हणजे पुढे ‘मला काय ठाऊक’ असे म्हणावयास मोकळे.

शिवाय नोट ढकलावयाची तर कोणाकडे? बँकेत नाही, तेथे यंत्र आहे. मोठ्या दुकानात नाही, तेथेही यंत्र आहे. मग उरते कोण? दिवेलागणीला रस्त्याकडेला भाजी विकणारी म्हातारी, जिला नीट दिसत नाही. तिची साऱ्या दिवसाची कमाई कदाचित पाचशे नसेल. ज्याने आम्हांला फसविले त्याला आम्ही ओळखत नव्हतो. आम्ही मात्र जिला फसविणार होतो, तिला निवडून काढणार होतो.

नोट कोणी टाकली हे शोधण्याचाही विषय निघाला. कोण कोणत्या बाकावर होते, थैली कोठून फिरली, असे आठवणे सुरू झाले. पाळकसाहेबांनी ते बंद केले. घडी घालून तर खरी नोटही टाकतात.

खजिनदार नोट घेऊन बँकेत गेले. तेथे तिच्यावर ‘बनावट नोट’ असा शिक्का मारून ती ठेवून घेतली आणि पावती दिली. मोबदला नाही. तो दिला असता तर नोटा छापणाराच आधी रांगेत उभा राहिला असता. एका वेळी चारपर्यंत नोटा असल्या तर बँक पोलिसांना महिन्याच्या अहवालात कळविते, पाच किंवा अधिक असल्या तर फिर्याद होते. खजिनदार परत येऊन म्हणाले, ‘खरेपणाला पाचशे रुपये पडले.’

ही गोष्ट शब्बाथ शाळेत पोहोचली, आणि पाचवीतल्या एका मुलीने विचारले, ‘बाई, ज्याने ती टाकली त्याला ठाऊक नसेल, तर त्याने पाचशे दिले की काहीच नाही?’ मागून एक मुलगा म्हणाला, ‘आणि ठाऊक असेल तर?’ बाई तो प्रश्न घेऊन आमच्याकडे आल्या.

आम्ही तेव्हा जमाखर्चाची वही उघडून याच प्रश्नापाशी अडलो होतो. धागा आणि जलचिन्ह पाहून नोट कळली होती, देणारा कळला नव्हता. शेवटी जमेला पाचशे रुपये अर्पण असे लिहिले, आणि खर्चाच्या बाजूला पाचशे रुपये, बनावट नोट, बँकेत जमा, पावती सोबत जोडली आहे.