कंपाचे मूळ

न्यायसूत्रांच्या आरंभी गौतमांनी जे सोळा पदार्थ सांगितले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसऱ्याच स्थानी संशयाला बसवले आहे, आणि या सोळांच्या तत्त्वज्ञानाने निःश्रेयस लाभते असा हवालाही त्याच सूत्रात दिला आहे. जी गीता संशयात्म्याचा विनाश सांगते, तिच्या संस्कारात वाढलेल्या माझ्यासारख्याला मोक्षाच्या वाटेवर संशयाचे काय काम, हा प्रश्न अनेक वर्षे छळीत असे. आणि त्याचे समाधान झाले ते कुंभार्ली घाट उतरून चिपळुणात पोचल्यावर, एका लहानशा गॅरेजच्या ओट्यावर.

घाटाच्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवताच स्टेअरिंग माझ्या हातांत थरथरू लागे आणि पाय उचलताच शांत होई. ब्रेक तेथे कंप, ब्रेक नाही तेथे कंप नाही, इतका स्वच्छ अन्वय-व्यतिरेक समोर असताना अधिक शहानिशेची गरज ती काय, अशा समजुतीने मी ब्रेकलाच गुन्हेगार ठरवून मोकळा झालो होतो. आदल्या वर्षी हीच फिर्याद घेऊन मी एका मोठ्या कारखान्यात गेलो असता तेथे पुढच्या दोन्ही डिस्क लेथवर घासून सपाट करून दिल्या होत्या, आणि काही महिने सुखाचे गेल्यावर कंप पुन्हा हजर झाला होता.

चिपळुणातल्या त्या गॅरेजच्या मिस्त्रींनी माझा निवाडा ऐकून घेतला, पण मानला नाही. "साहेब, ब्रेक न लावता ऐंशीच्या वर गेल्यावर स्टेअरिंग हलतं का?" नाही, म्हणालो, तेव्हा चाकांच्या बॅलन्सिंगवरचा आरोप गळाला. "सीट थरथरते का?" तीही नाही, मागचे ड्रम सुटले. "आणि पेडल पायाखाली धडधडतं?" होय. मग चाक जॅकवर उचलून, दोन्ही बाजूंनी धरून त्यांनी हलवून पाहिले. टायरॉड एंड सैल असता तर त्याने कंप जन्माला घातला नसता, परंतु बारीक कंपाला मोठा केला असता. तोही निर्दोष निघाला. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी शेषवत् अनुमानाचा एक अर्थ असाच केला आहे : संभाव्य असेल ते एकेक वगळीत जावे आणि जे उरेल त्याच्यावर बोट ठेवावे.

उरली डिस्क. तिच्या जाडीत मिलिमीटरच्या एकदोन शतांशांचा फरक पडला, तरी पॅडची पकड जाड भागावर आवळते आणि पातळ भागावर ढिली होते. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाला लहान गाडीचे चाक सेकंदाला सुमारे बारा फेरे घेते, आणि तितक्याच वेळा तो हिसका टायरॉडवाटे चालकाच्या तळहातापर्यंत येतो. नैयायिक म्हणतात की जेथे धूर तेथे अग्नी हे खरे, परंतु जेथे अग्नी तेथे धूर हे खरे नव्हे, कारण धुराला ओल्या सर्पणाची उपाधी लागते. माझा अन्वय-व्यतिरेक येथेच फसला होता. ब्रेक हा अग्नी होता. ओले सर्पण म्हणजे ती विषम जाडीची डिस्क, जिच्यावाचून नव्या गाडीचा ब्रेक शेकडो वेळा दाबला तरी कंप उठत नाही.

पण मिस्त्री येथेही थांबले नाहीत, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. डिस्क उतरवून त्यांनी मला हबचे मुख दाखवले : कोकणच्या पावसाने त्यावर गंजाची खपली धरली होती, आणि मागील वेळी घासलेली डिस्क त्या खपलीवरच बसवली गेली होती. तेवढ्याने डिस्क किंचित तिरपी फिरे. ब्रेक न दाबताही तिची पुढे आलेली कड प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासे. आणि हजारो किलोमीटरांनंतर त्याच जागी झिजून ती पुन्हा विषम होई. गौतमांच्या दुसऱ्या सूत्रातील साखळी मला त्या क्षणी हातात धरल्यासारखी दिसली : दुःख जन्मामुळे, जन्म प्रवृत्तीमुळे, प्रवृत्ती दोषांमुळे आणि दोष मिथ्याज्ञानामुळे; यांतला शेवटचा दुवा तुटला तरच क्रमाने मागचे सारे तुटतात. कारखान्याने मधला दुवा घासला होता. आपली पुष्कळशी व्रते आणि निग्रह हेही असेच मधल्या दुव्यावर चालतात, असे मला वाटते. प्रवृत्ती काही काळ सपाट होते, मिथ्याज्ञानाची खपली खाली तशीच राहते, आणि पुढचा उतार येताच हात पुन्हा थरथरू लागतात. गीतेने धिक्कारलेला संशय निर्णयाला नकार देणारा आहे; गौतमांचा संशय मधल्याच दुव्यावर निवाडा उरकू न देणारा आहे, आणि त्यांच्या यादीत तिसऱ्या स्थानावरचा संशय प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क या पाच पायऱ्या चढून नवव्या स्थानी निर्णयाला पोचतो. तो श्रद्धेचा वैरी आहे, असे मी आता मानीत नाही.

जुन्या डिस्क त्यांच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली गेल्या होत्या, म्हणून नवी जोडी घ्यावी लागली. ती बसवण्याआधी मिस्त्रींनी तारेच्या ब्रशाने दोन्ही हब उजळेपर्यंत घासले, डायल गेज लावून डिस्कचा डोल मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आत असल्याची खातरजमा केली, आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, सारख्या जोराने आवळले. त्याला दोन पावसाळे लोटले. कुंभार्ली उतरताना स्टेअरिंग अजून स्थिर आहे.