कारवानीची पिल्लं कुणाच्या हाती द्यावीत?

कारवानी कुत्री एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज देते. ती जन्मल्याची बातमी पसरली की पहिली चौकशी किमतीची होते, दुसरी रंगाची. पिल्लू राहणार कुठे, दिवसभर त्याच्याजवळ कोण असणार, दावं तोडून पळालं तर समोर शेत असेल की महामार्ग, हे कुणी विचारत नाही. लातूर, सोलापूर, जतचा दुष्काळी भाग आणि सीमेपलीकडचं मुधोळ या पट्ट्यात ज्यांनी ही जात सांभाळली, त्यांच्याकडचं पिल्लू बहुधा ओळखीच्याच दारात जाई. भावकीत, सोयऱ्यांकडे, नाहीतर शेजारच्या वस्तीवर. पुढे त्याचं काय झालं हे आठवडी बाजारात कळायचं. आता फोटो पाहून पैसे पाठवले जातात आणि पिल्लू खोक्यात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने रवाना होतं. ही जात टिकावी असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने घरं ठरल्याशिवाय कुत्री नराला दाखवू नये, आणि दिलेलं पिल्लू जिवंत असेपर्यंत ते आपल्या जबाबदारीतून सुटलं असं मानू नये, असं माझं ठाम मत आहे.

या जातीला गेल्या वीस वर्षांत मान मिळाला, त्याचा आनंदच आहे. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड, म्हणजे हीच कारवानी, होता. मुधोळजवळच्या तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. लष्करानेही या कुत्र्यांना प्रशिक्षण देऊन पाहिलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी कुत्री पाळण्याचं आवाहन केलं, तेव्हा या जातीचं नाव घरोघरी पोचलं. त्यातून मागणी वाढली. पण मागणी वाढणं म्हणजे घरं वाढणं नव्हे. बातमी ऐकून हौसेने आणलेलं पिल्लू वर्षभरात उंच, वाऱ्यासारखं पळणारं जनावर होतं, आणि मग ‘कुणाला हवंय का’ अशी विचारणा सुरू होते.

हे कुत्रं वासापेक्षा नजरेवर चालतं. लांबट, निमुळत्या डोक्यामुळे त्याला आजूबाजूचा फार मोठा पट्टा दिसतो, आणि त्या पट्ट्यात मांजर, कोंबडी किंवा वाऱ्याने उडालेली पिशवी हलली की ते सुटतं. एकदा सुटल्यावर मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. हा अवज्ञेचा दोष नव्हे. शेकडो वर्षं माणसाने निवडून निवडून हाच गुण पक्का केला. पुण्याच्या सोसायटीत राहणाऱ्याला ही गोष्ट पिल्लू हाती देण्याआधी सांगितली पाहिजे, आणि ती ऐकून तो मागे हटला तर त्याचे आभार मानले पाहिजेत. या कुत्र्याच्या अंगावर फारशी चरबी नसते, कातडी पातळ असते, शेवटच्या बरगड्या दिसणं निरोगीपणाचं लक्षण असतं. नवखा मालक त्या बरगड्या पाहून खाऊ घालत सुटतो आणि सांधे बिघडवतो. ग्रेहाउंडच्या कुळातल्या कुत्र्यांच्या शरीरातून थायोपेंटलसारखं भुलीचं औषध फार सावकाश उतरतं, म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जात सांगावी लागते. शुद्ध जातीचा खरा उपयोग इथे आहे. पिल्लू मोठेपणी कसं होणार हे आधीच पुष्कळसं ठाऊक असतं, त्यामुळे त्याला कुठलं घर मानवेल हेही आधीच सांगता येतं. वंशावळीचा कागद भाव चढवायला वापरायचा आणि घर निवडताना विसरायचा, याला जातीवरचं प्रेम म्हणता येत नाही.

वयाचा प्रश्न तर त्याहून निकडीचा आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी महिन्या-सव्वामहिन्याची पिल्लं सर्रास जातात, कारण उघड आहे. आईचं दूध कमी होऊ लागलं की खाण्याचा, जंताच्या औषधाचा, लसीचा खर्च पाळणाऱ्याच्या अंगावर येतो आणि पार्व्हो रोगाची भीतीही त्याच दिवसांत सर्वाधिक असते. म्हणजे जोखीम वाढली की पिल्लू दुसऱ्याच्या हवाली करायचं. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ च्या ग्रंथात दाखवलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात कुत्र्याचं माणसांशी आणि इतर कुत्र्यांशी नातं घडतं. भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं नाही हे पिल्लू याच काळात शिकतं. कारवानी मुळातच परक्याला बुजणारी, अनोळखी हात अंगावर घेऊ न देणारी जात. तिला हे आठवडे मिळाले नाहीत तर तो बुजरेपणा भीतीत बदलतो, आणि घाबरलेलं कुत्रं शेवटी चावतं.

आता अवघड भागाकडे येतो. शहाणे पाळणारे उंच कुंपण असलेलं घर मागतात, आणि ते रास्त आहे. पण तीच अट सरसकट लावली तर धनगराचा वाडा, कोरडवाहू शेतकऱ्याची वस्ती आपोआप बाद होते आणि जात फार्महाउसवाल्यांच्या हाती जाते. जिथे कुंपण नाही पण दिवसभर माणूस सोबत आहे, मोकळं रान आहे, भाकरी-ताकात कुत्र्याचा वाटा धरलेला आहे, ते घर मला बंद फ्लॅटपेक्षा कैक पटीने चांगलं वाटतं. तिथे दोनच गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात. एक म्हणजे रेबीजची लस दरवर्षी टोचली जाईल. दुसरी, कुत्रं सशामागे सोडलं जाणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती शिकार गुन्हा आहे, आणि ‘धावतो कसा?’ एवढंच विचारणाऱ्याला पिल्लू नाकारायला मी तरी कचरणार नाही.

धावण्यापुरतंच मोल असलेल्या कुत्र्याचं पुढे काय होतं हे परदेशात दिसलं आहे. स्पेनमध्ये हिवाळी शिकारीचा हंगाम संपला की गाल्गो ही तिथली शिकारी कुत्री रस्त्यावर सोडली जातात. दूरदूरच्या देशांतली माणसं त्यांना घरं देतात. ब्रिटनमध्ये यांत्रिक सशामागच्या ग्रेहाउंड शर्यती १९२६ साली मँचेस्टरला सुरू झाल्या, आणि थकलेल्या कुत्र्यांना घरं शोधणारा न्यास १९७५ साली उभा राहिला. मधल्या पन्नास वर्षांत जी कुत्री शर्यतीला निरुपयोगी ठरली, त्यांतल्या असंख्यांना घर मिळालंच नाही.

म्हणून पिल्लू देताना एक साधा लेखी करार हवा. सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं विकायचं नाही, कुणाला परस्पर द्यायचं नाही, जिथून आणलं तिथेच परत आणायचं. आणि देणाऱ्याने ते कुठल्याही वयात, विनातक्रार, परत घ्यायचं. ज्याच्या अंगणात परत येणाऱ्या दोन कुत्र्यांना जागा नाही, त्याने आठ पिल्लं जन्माला घालू नयेत. करारातून टिकणाऱ्या संपर्काचा आणखी एक लाभ आहे. कारवानीची शुद्ध रक्तरेषा सांभाळणारी घराणी थोडी, त्यामुळे जवळच्या नात्यात वीण होण्याचा धोका मोठा. कुठलं पिल्लू कुठे आहे, त्याला कोणता आजार झाला, हे ठाऊक असलेल्या पाळणाऱ्यालाच पुढची जोडी डोळसपणे जुळवता येते. सरकारी केंद्रांनीही किती पिल्लं वाटली या आकड्याशेजारी त्यांतली किती दोन वर्षांनी त्याच घरात आहेत, हा आकडा दरवर्षी छापावा.