रोहिणीचं पाणी, वालधुनीचं पाणी

वर्षावासात आमच्याकडे बदलापूरच्या सोनिवलीला विहारात बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात. वाचन संपलं की ज्याला जे विचारायचं ते विचारावं, अशी पद्धत आहे. मागे एका आजींनी विचारलं, “बाळा, आपलीच माणसं नाल्याच्या काठाला का रं आली सगळी? मागच्या जन्माचं काही आसंल का?” वाचणारा पोरगा गडबडला. शेजारची बाई म्हणाली, “आजी, आपण ते मानत नाही आता.” आजी गप्प बसल्या, पण त्यांचं समाधान काही झालं नाही. मला त्यांचा प्रश्न रास्त वाटला. मागचा जन्म मानायचा सोडला म्हणून नाला कुठे हलतो?

मी अंबरनाथला रसायनांच्या एका कारखान्यात शिफ्टला होतो. तिथे नव्या पोराला पहिल्यांदा शिकवतात ते असं : सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर जीव शाबूत आहे, वास अचानक यायचा थांबला की पळ काढ. हायड्रोजन सल्फाइड आधी नाकच मारतो. कारखान्यातल्या माणसाला हे ठाऊक असतं, नाल्याकाठी झोपलेल्याला कोण सांगणार? नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं, तेव्हा शेकडो लोक गुदमरून दवाखान्यात गेले. हीच वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते. मंदिरातला शिलालेख शके 982 चा. साडेनऊशे वर्षं भाविक येतायत, पिंडीला हात जोडतायत, आणि हल्ली बाहेर येऊन नाकाला रुमाल लावतायत. नदी देवाच्या दारात असली म्हणून वाचते असंही नाही.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळतो. जुन्या गावाची रचना आठवा. आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून महारवाडा पूर्वेला, असं म्हातारे सांगायचे. आपल्या अंगावरचं वारंही गावाला चालत नव्हतं. पाणवठा वेगळा, तोही खालच्या अंगाला. मेलेलं ढोर ओढायचं आपण आणि विटाळ पुन्हा आपलाच. कोण अशुद्ध हे धर्माने आधी ठरवलं, मग घाण कुठे टाकायची हे गावाला विचारावंच लागलं नाही. शहरं आली, नगररचनाकार आले, पण हात जुन्याच दिशेला वळला.

1927 साल घ्या. 20 मार्चला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मे महिन्यात ते आमच्या बदलापूरला शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून आले. आणि त्याच साली मुंबईचा कचरा देवनारला पडायला लागला. आपण पाणी मागत होतो, त्याच वर्षी हा उकिरडा सुरू झाला! पुढे त्या कचऱ्याच्या डोंगराभोवती कोण वसलं? कचरा वेचणारे, गावातून उठून आलेले दलित, गरीब मुसलमान. जानेवारी 2016 मध्ये डोंगर पेटला तेव्हा धूर आधी त्यांच्याच घरात शिरला.

जोतिरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा दोन्हीकडचं दुखणं एकाच जातीचं आहे हे त्यांनी ओळखलं होतं. तिकडे नॉर्थ कॅरोलायनात 1978 साली पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेलं तेल टँकरने रस्त्यांच्या कडेला ओतलं गेलं. ती माती खरवडून पुरायची कुठे? सरकारने निवडली वॉरेन काउंटी, बहुसंख्य काळी आणि गरीब. 1982 साली माणसं चर्चमध्ये जमली, प्रार्थना केली, आणि बाहेर येऊन ट्रकांपुढे रस्त्यावर आडवी झाली. पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. माती तिथेच पुरली गेली, ती निर्विष व्हायला 2003 उजाडलं. पण 1987 साली युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने देशभराचा अभ्यास छापला : घातक कचऱ्याची केंद्रं कुठे येतात, याचा सगळ्यात पक्का अंदाज वंशावरून बांधता येतो, उत्पन्नाचा नंबर त्याच्यामागे. एका धर्मसंस्थेने हे काम आपलं मानलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या विहारांनी असं एखादं सर्वेक्षण केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

का बरं? याचं उत्तर बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच आहे. चार आर्यसत्यं जशी सांगितली जातात त्याबद्दल त्यांनी तिथे शंका घेतली आहे, कर्म-पुनर्जन्माबद्दलही घेतली आहे. पूर्वी मला ते धाडस वाटायचं, आता ती गरज वाटते. दुःखाचं मूळ तृष्णा, हे मान्य. पण कोणाची तृष्णा? टँकर नदीत ओतून पैसे वाचवणाऱ्याची. आणि दुःख कोणाचं? काठावर झोपलेल्या पोराचं. तृष्णा एकाची आणि दुःख दुसऱ्याचं असेल, तर त्या दुसऱ्याला डोळे मिटून मन शांत कर म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. ध्यानाला माझा विरोध नाही, मीही बसतो. पण आपल्या काही शिबिरांत सगळं दुःख आतलंच धरतात, मग बाहेरचं कोण मोजणार? मागचा जन्म पुढच्या दाराने घालवला आणि मागच्या दाराने पुन्हा आत घेतला, असं ते झालं.

सिद्धार्थाने घर का सोडलं, याची म्हातारा-आजारी-प्रेताची गोष्ट बाबासाहेबांनी बाजूला ठेवली. त्यांच्या ग्रंथात भांडण रोहिणी नदीच्या पाण्याचं आहे. शाक्यांच्या संघाने कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव बहुमताने केला, सिद्धार्थाने सैन्यात जायला नकार दिला आणि परिव्रज्या पत्करली. म्हणजे आपल्या धम्माची सुरुवातच पाण्याच्या वाटपापासून आहे. परित्राणपाठाला कलशातल्या पाण्यात दोरा सोडून आपण रतनसुत्त म्हणतो, तेही वैशालीतल्या दुष्काळाचं आणि रोगराईचं सुत्त. हल्ली कलशात वीस लिटरच्या विकतच्या जारमधलं पाणी ओततात, नळाच्या पाण्यावर कोणाचा भरवसा नाही. ज्यांना जार परवडत नाही ते नळाचंच पितात.

आजींना माझं उत्तर असं : कर्म आहे, पण ते या जन्मातलं आहे, आणि करणाऱ्याचा पत्ता सापडतो. तेव्हा यंदा रोहिणीचं प्रकरण वाचाल त्या दिवशी पाच-सहा जणांनी मिळून एक अर्ज लिहा. आपल्या वस्तीच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली, नमुना कुठून घेतला, अहवाल काय आला, एवढंच विचारा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही लागत नाही. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.