तपस्वी आणि ठेवीची तलवार



आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, अरण्यकांड, सर्ग ९ आणि १०.

खरं तर आज नेहमीसारख्या दहा-बारा ओळी लिहून ऑफिसला पळायचं होतं. पण काल रात्री साडेअकराला शिकागोहून दादाचा फोन आला. त्याची जेवणाची सुट्टी, माझी झोपायची वेळ. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "अगं, आमच्या गल्लीत महिन्याभरात दोन घरं फुटली. मी फॉइड कार्डाला अर्ज केलाय. आईला सांगू नकोस."

मला वाटलं बँकेचं काही असेल. तर इलिनॉय राज्यात बंदूक घ्यायची असेल तर आधी राज्य पोलिसांकडून हे कार्ड काढावं लागतं. मग दुकानात जायचं, तपासणी होते, आणि विकत घेतल्यावरही हातात पडायला ७२ तास थांबावं लागतं. दादाकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे कायद्याची आडकाठी नाही. त्याला हँडगन हवी आहे. पलंगाशेजारच्या कपाटात, छोट्या लॉकरमध्ये ठेवायला. हा आमचा दादा, कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारा!

फोन ठेवला, झोप येईना, म्हणून आजचा सर्ग काल रात्रीच उघडला. आणि समोर काय आलं बघा.

राम, लक्ष्मण आणि सीता सुतीक्ष्ण ऋषींच्या आश्रमातून निघतायत. दंडकारण्यातल्या ऋषींना रामाने शब्द दिलाय की राक्षसांपासून तुमचं रक्षण करीन. आठव्या सर्गाच्या शेवटी सीता स्वतः दोघा भावांच्या हातात धनुष्यं, भाते आणि तलवारी देते. हे माझ्या आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. शस्त्रं तिनेच दिली आहेत. आणि मग नवव्या सर्गात, चालता चालता, ती बोलते. तिचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाला तीन गोष्टी घसरवतात. खोटं बोलणं, परस्त्रीचा मोह आणि वैर नसताना केलेली हिंसा. पहिल्या दोन तुमच्यात कधीच नव्हत्या. तिसरीची मला भीती वाटते. आणि मग ती एक गोष्ट सांगते.

एका वनात एक सत्यनिष्ठ तपस्वी राहत होता. त्याच्या तपात विघ्न आणायला इंद्र सैनिकाचं रूप घेऊन आला आणि एक उत्तम तलवार त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवून गेला. बस्स, एवढंच. ना अप्सरा, ना शाप. तपस्वी बिचारा प्रामाणिक. दुसऱ्याची वस्तू हरवू नये म्हणून तो ती सतत जवळ बाळगू लागला. कंदमुळं आणायला गेला तरी तलवार सोबत. हळूहळू त्याचं तप सुटलं, मन उग्र झालं, आणि शेवटी त्या शस्त्राच्या संगतीनेच तो नरकात गेला. विस्तव आणि लाकूड जवळ आले की जे होतं, तेच शस्त्र आणि मन जवळ आल्यावर होतं, असं सीता सांगते.

या गोष्टीत चोर कुठेच नाही. तपस्व्यावर कुणीही हल्ला केला नाही. तलवार सांभाळायची म्हणून ठेवली, आणि जे काही झालं ते सांभाळणाऱ्याचंच झालं.

सकाळी उठून मी दादाला मेसेज टाकला, की गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते, आठवतंय ना. (चातुर्मासात आपण वाचलं होतं, जुन्या वाचकांना आठवत असेल.) त्याचं उत्तर आलं : "तुझ्या सोसायटीला गेट आहे, दोन वॉचमन आहेत, सीसीटीव्ही आहे. अभयावर लिहायला तुझं काय जातंय?"

लागलं. कारण खरं आहे. दुसऱ्याने पहारा दिलेल्या घरात बसून मी निर्भयतेवर लिहिते. म्हणून म्हटलं, आधी त्याची बाजू नीट समजून घेऊ.

त्याच्याच शहरातला एक माणूस आहे, ओटिस मॅकडोनाल्ड. शिकागोच्या मॉर्गन पार्क भागात राहणारे वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ, निवृत्त. वस्ती बदलत गेली, टोळ्या आल्या, त्यांचं घर अनेकदा फोडलं गेलं. त्यांच्याकडे शॉटगन कायदेशीर होती, पण अंधारात ती लांबलचक बंदूक सांभाळणं अवघड, म्हणून त्यांना हँडगन हवी होती. शिकागोत १९८२ पासून नव्या हँडगनची नोंदणीच बंद होती, म्हणजे व्यवहारात बंदीच. ते कोर्टात गेले. २०१० च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी दोन वर्षं वॉशिंग्टन शहराची बंदी अशीच गेली होती. गृहयुद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांकडून शस्त्रं कशी काढून घेतली गेली, तो इतिहासही शिकागोच्या निकालपत्रात आहे. ज्याला पोलीस वेळेवर येतील याची खात्री नाही, त्याने काय करायचं, हा त्यांचा प्रश्न होता. मला त्या आजोबांना "अहो, अभय बाळगा" असं सांगायची हिंमत होणार नाही.

आणि पिस्तूल दाखवून लोक खरंच वाचतातही. किती, यावर मात्र तिथे प्रचंड वाद आहे. नव्वदच्या दशकातल्या एका गाजलेल्या फोन सर्वेक्षणाचा अंदाज वर्षाला सुमारे २५ लाख प्रसंगांचा होता. सरकारच्या गुन्हेबळींच्या सर्वेक्षणातून निघणारे आकडे लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी. एवढा फरक असेल तर त्या आकड्यांवर घर उभं करू नये, असं माझं मत.

पण दुसऱ्या बाजूचे आकडे इतके विस्कळीत नाहीत. कॅलिफोर्नियात शस्त्रखरेदीच्या नोंदी सरकार ठेवतं. त्या वापरून स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी लाखो लोकांचा बारा-बारा वर्षं माग काढला. २०२२ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात प्रश्न असा होता : ज्याच्याकडे स्वतःची हँडगन नाही, पण जो हँडगनवाल्यासोबत एका घरात राहतो, तो जास्त सुरक्षित आहे का? उत्तर आलं, उलट. अशा लोकांचा खुनात मृत्यू होण्याचं प्रमाण बंदूक नसलेल्या घरांतल्या लोकांच्या दुपटीहून जास्त. आणि घरातच जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण तर सात पट. त्यात बळी गेलेल्या बहुतेक बायका.

दादा इंजिनिअर आहे, लगेच म्हणाला, "कोरिलेशन! धोक्यातले लोकच बंदूक घेतात." बरोबर शंका आहे. म्हणून त्याच मंडळींचा २०२० चा अभ्यास बघावा लागतो. हँडगन घेतलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण न घेतलेल्यांच्या सुमारे आठ पट निघालं. आता निराश लोकच बंदूक विकत घेत असतील, तर त्यांच्यात इतर मार्गांनी होणाऱ्या आत्महत्याही जास्त दिसायला हव्यात ना? त्या दिसल्या नाहीत. शिवाय अशा मृत्यूंतले निम्म्याहून थोडे जास्त खरेदीनंतर वर्ष उलटून गेल्यावरचे होते. म्हणजे घेताना माणूस बरा होता. वाईट रात्र नंतर कधीतरी आली, आणि तेव्हा ती वस्तू कपाटात होती.

२०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतली २६,३२८ स्वतःच्या हाताने. निम्म्याहून जास्त! आपण सिनेमात पाहतो तो मुखवटा घातलेला चोर या आकड्यात नाहीच.

आता जे लिहितेय ते दादाला विचारून लिहितेय. दोन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली. आठ महिने तो घरी होता. आम्हाला व्हिडिओ कॉलवर हसून दाखवायचा. एकदा वहिनीचा वेगळा फोन आला. रडली नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "तू त्याच्याशी रोज बोलत जा. तो रात्री झोपत नाही." मी रोज बोलत गेले. रोजच्या वाचनाची सवय मला लागली ती तेव्हाच. हे पान त्यातूनच सुरू झालं, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतेय. ती वेळ गेली. पण त्या आठ महिन्यांत पलंगाशेजारच्या कपाटात तो लॉकर असता, आणि त्याचा नंबर फक्त दादाला माहीत असता, तर?

(तुमच्यापैकी कुणी आत्ता अशा रात्रींतून जात असेल, तर हे वाचणं थांबवा आणि कुणाला तरी फोन करा. भारतात टेली-मानस १४४१६, अमेरिकेत ९८८.)

म्हणून मला सीतेची गोष्ट आकड्यांपेक्षा जास्त कळली. "माझ्या घरात कोण घुसेल" असं दादा विचारतोय. सीता विचारते, ती वस्तू ज्याच्याजवळ राहील त्याचं पुढे काय होईल. शहरातल्या माणसाला हँडगनने सुरक्षित वाटतं, हे मी नाकारत नाही. वाटण्याला किंमत आहे, झोप लागते. पण तो ज्याच्यापासून घर सांभाळतोय तो कधीतरी येईल किंवा कधीच येणार नाही. राग, दारू, नैराश्य, चार वर्षांच्या मुलाचं कुतूहल, हे सगळं आधीपासून घरातच राहतं. मला विचाराल तर साध्या शहरी घरात ती वस्तू धोका कमी करत नाही, वाढवते.

पण सर्ग १० सोडून चालणार नाही, नाहीतर मी सोयीचं तेवढंच वाचलं असं होईल. राम सीतेचं ऐकून शस्त्र खाली ठेवत नाही. तो म्हणतो, क्षत्रिय धनुष्य धरतो ते कुणाचा आर्त आवाज उठू नये म्हणून. ऋषी शरण आले, मी शब्द दिला, तो मोडणार नाही. दादाला हे ठाऊक होतंच, त्याने तेच मला ऐकवलं : "मीही बायको-मुलासाठीच घेतोय." मग मी विचारलं, "वहिनीने हाक मारली का तुला? तिला विचारलंस?"

बराच वेळ पलीकडून काही नाही. मग, "तिला सरप्राईज... म्हणजे, तिला घाबरवायचं नव्हतं."

रामाकडे ऋषी आपणहून आले होते. आणि शस्त्राबद्दल जिला भीती वाटत होती तिला बोलायला जागा होती. मी शिकवत नाही, प्रेमाने आठवण करून देतेय, असं ती म्हणते. तुमच्या धाकट्या भावाशी विचार करा आणि मग योग्य वाटेल ते करा, असंही सांगते. आणि राम चिडत नाही. मी संतुष्ट आहे, म्हणतो, कारण जो आपल्याला प्रिय नाही त्याला कुणी असं सांगायला जात नाही. नवरा-बायकोचं शस्त्रावरून झालेलं इतकं सभ्य बोलणं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. (आपल्याकडे खंडेनवमीला कोयत्यापासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यावर फूल वाहतो, पण ही गोष्ट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.)

मी दोन्ही सर्ग दादाला पाठवले. वर एवढंच लिहिलं, "दादा, शिकवत नाहीये, आठवण करून देतेय. वहिनीबरोबर वाच." दाराला चांगलं कुलूप, मागच्या बाजूला दिवा आणि शेजाऱ्यांचा ग्रुप, हेही लिहिलं होतं, मग खोडलं. ते त्याला माझ्याहून जास्त कळतं.

दुपारी वहिनीचा मेसेज आला : "हे कार्डाचं काय आहे?" म्हणजे त्याने निदान विषय काढलाय. तिकडे तेव्हा पहाटेचे पाच वाजले असतील. कार्ड अजून आलेलं नाही.

उद्याचं वाचन : सर्ग ११, पंचाप्सर सरोवर आणि अगस्त्यांच्या आश्रमाकडची वाट.