पिल्लू कोणाचं?

अंडं एकीच्या कोंबडीनं घातलं. ते दुसरीच्या कोंबडीखाली ठेवलं आणि तिनं उबवलं. त्यातून निघालेलं पिल्लू गल्लीतल्या साऱ्या उकिरड्यांवर चरून मोठं झालं. तर ते पिल्लू कोणाचं? शहरातल्या माणसाला हा प्रश्न वाचून हसू येईल. पण या प्रश्नावरनं दोन शेजारणींचं बोलणं महिनाभर बंद पडलेलं मी पाहिलं आहे. पुढं शेतांच्या वाटण्या आणि भावाभावांचे तंटे बघताना मला वाटत आलं, की माणसं भांडतात ती बहुतेक याच प्रश्नावर. फक्त पिल्लाच्या जागी दुसरं काहीतरी असतं.

आधी कोंबडीची रीत सांगतो. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. अंडी थांबतात. पिसं फुलवून ती बसून राहते आणि जवळ गेलं की चोच मारायला येते. खुडूक हा शब्द आमच्याकडं चांगल्या अर्थानं कुणी वापरत नाही. काम सोडून बसून राहिलेल्या माणसालाही खुडूक म्हणतात. पण खरं बघायला गेलं तर कोंबडीचं सगळ्यात अवघड काम त्याच वेळी सुरू होणार असतं. २१ दिवस ती अंड्यांवर बसते. दिवसातून एकदा उठते, पंधरा-वीस मिनिटांत दाणा-पाणी उरकते आणि परत येते. अंडी चोचीनं फिरवते, कडेची मध्ये घेते. पोटाखालची पिसं झडतात, वजन उतरतं. आणि आपण तिला म्हणतो खुडूक.

अडचण अशी, की जिची कोंबडी खुडूक होते तिच्या घरात त्या वेळी अंडी असतातच असं नाही. ती बाजारात गेलेली असतात. जिच्याकडं अंडी असतात तिची कोंबडी अजून अंड्यावर असते, बसायचं नाव काढत नाही. म्हणून एकीची अंडी आणि दुसरीची कोंबडी असा मेळ घातला जायचा. आमच्याकडं त्याला अर्धलीनं बसवणं म्हणत. शेत अर्धलीनं लावतात तसंच. निघतील ती पिल्लं निम्मी-निम्मी.

या अर्धलीबरोबर सल्ला फुकट असायचा. अंडी आठवड्याच्या आतली घे, उन्हाळ्यात त्याहून ताजी. धुऊ नको. तडा गेलेलं नको, फार मोठं नको. पाटीत आधी राख टाक म्हणजे पिसवा होत नाहीत, वर पेंढा घाल. कोंबडी संध्याकाळी बसव, रात्रीत ती रुळते. सातव्या-आठव्या रात्री एकेक अंडं दिव्यासमोर धरून बघ. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, नुसतं स्वच्छ दिसलं तर वांझ, काढून टाक. पिल्लू बाहेर यायच्या आधी अंड्यातनंच चिवचिवतं आणि कोंबडी त्याला उत्तर देते, तेव्हा तिला अजिबात हात लावू नको. निघाल्या निघाल्या दाण्याची घाई करू नको, पोटातल्या बलकावर ते एक-दोन दिवस तगतं. हे सगळं बायका कुडावरनं एकमेकींना सांगत. कुणी शिकवण्याचे पैसे घेतल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आता ते भांडण. १९७२ च्या दुष्काळानंतरची दोन वर्षं. मी बारा वर्षांचा असेन. दुष्काळात माणसांनाच दाणा नव्हता, तिथं कोंबडीला कुठला? गल्लीतल्या कोंबड्या विकून-खाऊन संपल्या होत्या. नंतर एकेक घर पुन्हा कोंबडी धरू लागलं. अंड्याच्या पैशावर बायकांचं मीठ, रॉकेल, पोरांच्या वह्या चालायच्या. तेवढा एक पैसा गडीमाणसं मागत नसत. माझी एक चुलती होती. चुलते वारलेले, जमीन जवळजवळ नाही. तिच्याकडं एकच कोंबडी, आणि ती खुडूक झालेली. वरच्या घरच्या आक्कांनी बारा अंडी दिली. नऊ पिल्लं निघाली. दोन अंडी वांझ गेली, एक पिल्लू आतच मेलं. मग घारीनं दोन नेली, बोक्यानं एक. राहिली सहा. अडीच महिन्यांनी आक्का वाटा न्यायला आल्या.

"नवाची निम्मी साडेचार. अर्ध्याचं सोडलं, माझी चार दे," आक्का म्हणाल्या.

"मग मला दोनच ऱ्हात्यात की, आक्का."

"तुझ्या अंगणातनं गेली. तू राखली न्हाईस म्हणून गेली. अंडी माझी हुती. बाजारात घातली असती तर रोख पैसा आला असता."

"आन् माझी कोंबडी तीन महिनं अंड्याबिगर ऱ्हायली, त्येचा पैसा कुणी द्यायचा?"

कट्ट्यावर एक म्हातारबा बसले होते. त्यांनी कूळकायद्यात कोर्टाच्या खेपा केल्या होत्या. ते म्हणाले, "सरकारनं काय केलं? कसंल त्येची जमीन. तसं बसंल तिची पिल्लं." सगळे हसले. तेवढ्यात पलीकडची एक वहिनी म्हणाली, "आन् माझ्या कोंबड्याचं काय? त्यो नसता तर अंडी नुसती खायाच्याच कामाची हुती." मग हसणं आणखी वाढलं, पण चुलती आणि आक्का काही हसल्या नाहीत.

आज विचार करतो तेव्हा त्या हसण्यातही जगातले सगळे दावे आलेले दिसतात. आक्कांचा दावा भांडवलाचा होता. वस्तू माझी, मी दिली नसती तर काहीच झालं नसतं. हे खोटं नाही. चुलतीचा दावा राबणुकीचा. नुसत्या अंड्यातनं काय निघालं असतं? हेही खोटं नाही. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, तो याच दुसऱ्या दाव्याच्या जोरावर. वहिनीचा दावा थट्टेचा होता खरा, पण बिनकोंबड्याच्या अंड्यातनं पिल्लू निघत नाही हेही तितकंच खरं. तीन खरे दावे, आणि पिल्लं सहा. प्रत्येकीला तिच्या दाव्याएवढं द्यायचं म्हटलं तर पिल्लं पुरणारच नाहीत.

शेवटी माझी आजी बोलली. ती म्हणाली, "पिल्लू निघाल्याव मोजायचं नसतं. आई टोचून लांब करती त्या दिशी मोजायचं. तवर त्यात घारीचं बी हाय, बोक्याचं बी हाय. त्येंचं त्येंनी नेलं. ऱ्हायलं ते दोघींचं." म्हणजे तीन-तीन. आता सहात तलंगा किती आणि नर किती, हा दुसरा वाद होता, कारण तलंग पुढं अंडी देणार. त्याला जुनी रीत होती. एकीनं वाटे घालायचे, दुसरीनं आधी उचलायचा. चुलतीनं दोन डालग्यांखाली वाटे घातले, आक्कांनी एक उचलला. बोलणं सुरू व्हायला महिना गेला. पण त्या वाट्याबद्दल पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही.

आजीला शाळा माहीत नव्हती. पण तिनं प्रश्नच बदलून टाकला. पिल्लू कोणाचं हे विचारायच्या आधी मेलेलं पिल्लू कोणाचं, हे तिनं विचारलं. आक्का जगलेल्या पिल्लांत निम्म्या भागीदार होत्या, मेलेल्यांत मात्र चुलती एकटी. अर्धली म्हणजे दोन्हींतली अर्धी. नुकसानीत वाटा न घेता नफ्यातला वाटा मागणं याला भागीदारी म्हणत नाहीत, ती सावकारी झाली.

यावर कुणी म्हणेल, की मग राखणारी निष्काळजी झाली तर? किंवा तिनं एक पिल्लू विकून खाल्लं आणि घारीचं नाव सांगितलं तर? प्रश्न रास्त आहे. पण नुकसान दोघींचं आहे असं ठरल्यावर काय होतं ते मी पुढं बघितलं. अंडी देणारी बाई मग वाट्याच्या दिवसाची वाट बघत घरात बसत नाही. येता-जाता डोकावते, चार मुठी कण्या आणून टाकते, घार दिसली की आपल्या अंगणातनं ओरडते. दोन घरांचे डोळे पिल्लांवर राहिले, की जगतातही जास्त. आणि फसवणुकीचं म्हणाल, तर कागदावर लिहून घेतलं म्हणून ती कुठं थांबली आहे? अर्धलीत विश्वास लागतोच. तो नसेल तर अंडी बाजारात घालावीत, त्यात काही कमीपणा नाही.

या सगळ्यात जिनं खरं काम केलं तिला कुणी विचारलं नव्हतं, ती कोंबडी. "बसंल तिची" म्हणायचं तर चुलती कुठं बसली होती? तिला अंडं कोणाचं हे कळत नाही, कळायची गरजही पडत नाही. तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली तर २१ च्या जागी २८ दिवस बसते, आणि पिल्लं पाण्यात शिरली की काठावर जिवाच्या आकांतानं ओरडत फिरते. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून जाते आणि कावळा ते वाढवतो. आपण कावळ्याला हसतो. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. समोर जीव आला, तो वाढवला. हिशोब मागाहून माणसं करतात. आपण कोंबडी नाही, आपल्याला हिशोब सुटत नाही. पण आधी सांभाळ आणि मग हिशोब हा क्रम तरी तिच्याकडनं घेता येतो.

आता दिवस बदलले. बंगळुरूची गिरिराज आली, हैदराबादची वनराज आली. या कोंबड्या गावठीपेक्षा पुष्कळ जास्त अंडी देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. पिल्लं यंत्रात निघतात आणि खोक्यातनं येतात. नगाला इतके रुपये, हिशोब मिटला. पिल्लू कोणाचं हा प्रश्नच उरला नाही असं वाटतं. यात वाईट काही नाही. माझ्या सुनेनंही अशी पिल्लं आणली आहेत आणि तिचं बरं चाललं आहे. पण प्रश्न उरला नाही हे काही खरं नाही. तो मानमोडीच्या रूपानं परत येतो.

मानमोडी म्हणजे राणीखेत. एका घरात शिरली की आठवड्यात गल्ली साफ करते. तिला औषध नाही, लसच करावी लागते. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात नाहीतर नाकात सोडायचा. पण लसीची बाटली सहसा शंभर पक्ष्यांच्या खाली मिळत नाही. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. बारा पिल्लंवाल्या बाईनं काय करावं? एकटीनं बाटली आणली तर उरलेली मातीत ओतायची. म्हणून ती आणायचीच नाही, असं बहुतेक घरांत ठरतं. मग रोग येतो तेव्हा तो माझी-तुझी बघत नाही. माझी पिल्लं माझी, असं म्हणणाऱ्याचीही जातात.

गेली काही वर्षं आमच्या गल्लीत सून आणि आणखी पाच-सहा जणी मिळून एक बाटली आणतात. सकाळी लवकर सगळ्यांची पिल्लं डालग्यांत, पाट्यांत गोळा होतात. एकजण धरते, एकजण थेंब सोडते. बाटलीचे पैसे पिल्लांच्या संख्येवर वाटतात. पहिल्या वर्षी एका घरानं पिल्लंही आणली नाहीत आणि पैसेही दिले नाहीत. त्या घरच्या पिल्लांना लस द्यायची का नाही, यावर बायकांत बरीच बोलाचाली झाली. काहीजणी म्हणाल्या, ज्याचं त्यानं बघावं. सून म्हणाली, बाटलीत उरणारच आहे, आणि त्यांच्या उकिरड्यावर आपलीच पिल्लं चरतात. दोघी उठून गेल्या आणि पिल्लं मागून आणली. लस झाली. पैसे आले नाहीत. दुसऱ्या वर्षी ते घर स्वतःहून आलं. आलं नसतं तरी त्या दोघींनी केलं ते बरोबरच होतं, असं माझं मत आहे.

आता नवीन पोरी, गावात घर बांधून आलेले नोकरदार, माझ्याकडं कोंबड्यांचं विचारायला येतात. मला आठवतं तेवढं मी सांगतो. राखेचं, दिव्याचं, कण्यांचं, लसीचं. आणि कुणी अर्धलीनं बसवणार असेल, तर एवढंच जास्तीचं सांगतो, की निघालेल्या पिल्लांचं बोलायच्या आधी मरतील त्यांचं बोलून घ्या. घार येणारच आहे. ती कोणाचं नेईल हे आधी ठरलं, की उरलेल्यांवरनं भांडण होत नाही.